‘घरगुती’ नसलेले जेवण

खानावळीची स्तुती करायची झाली की मराठी माणसाच्या तोंडी एकच विशेषण येते : ‘घरगुती’. ते पाटीवर असते, बाहेरगावी निघालेल्या मित्राला दिलेल्या सल्ल्यात असते आणि बिल देताना मालकाला केलेल्या कौतुकातही असते. धाराशिवच्या बसस्थानकावरून गावात शिरताना ‘घरगुती जेवण मिळेल’ हे शब्द आम्ही इतक्या वेळा वाचले आहेत की ते मजकूर न वाटता भिंतीचाच भाग वाटू लागले आहेत. 2023 साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, दुकानांच्या पाट्या नव्याने रंगल्या. ‘घरगुती’ मात्र जागच्या जागी राहिले. आमचे म्हणणे असे की हे विशेषण चुकीचे आहे. खानावळीत जे चांगले आहे ते घरगुती नाही म्हणूनच चांगले आहे, आणि हे न ओळखल्यामुळे आपल्या साहित्याने व समीक्षेने एका मोठ्या सामाजिक जागेकडे पाठ फिरवली आहे.

आधी खानावळ म्हणजे काय ते सांगावे लागेल, कारण हॉटेल, ढाबा आणि ‘फॅमिली रेस्टॉरंट’ यांच्या गर्दीत तिचे वेगळेपण पुसट झाले आहे. हॉटेलात आपण निवड करतो. खानावळीत निवड फारशी नसते. आज जे शिजले आहे ते ताटात येते. या जिल्ह्यात ते बहुधा असे असते : ज्वारीची भाकरी किंवा पोळी, एक सुकी भाजी, एक रस्सा, वाटीभर आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लिंबाची फोड, शेवटी भात. मांसाहारी खानावळ असेल तर काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा. बकऱ्याच्या मटणाबाबत या भागाचा अभिमान अनाठायी नाही. उस्मानाबादी शेळी ही जात देशभर ओळखली जाते, आणि गावाचे नाव बदलले तरी शेळीचे नाव कोणी बदललेले नाही. भाकरी कोरभर, अर्धी, एक अशी मागता येते. वाढणारा उभ्याउभ्याच विचारतो, “भाकरी देऊ का वो सर? गरम हाय.” आपण नको म्हटले तरी तो अर्धी टाकतो. समोरच्या बाकावर कोण येऊन बसेल ते आपल्या हाती नसते. तहसीलमध्ये कामासाठी आलेला शेतकरी, औषधांच्या नमुन्यांची बॅग पायाशी धरलेला विक्रेता, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आणि जेवतानाही चालू घडामोडींची पुस्तिका न सोडणारा मुलगा, दवाखान्यात कोणाला तरी भरती करून आलेले दोघे भाऊ. कोणी कोणाशी बोलेलच असे नाही. पण पाण्याचा जग एकच असतो.

आता घराकडे पाहू. घरात ताट वाढले जाते ते नात्याने. कोण आधी बसेल, कोणाला शेवटची भाकरी मिळेल, कोणाला रस्सा आणि कोणाला नुसता तवंग, हे ठरलेले असते. स्वयंपाक करणारी बाई सगळ्यांत शेवटी जेवते आणि उरले-सुरले खाते, ही गोष्ट आमच्या पिढीने घरोघर पाहिली आहे. घरात पाहुणा आला तर त्याचे आडनाव, गाव, सोयरीक विचारल्याशिवाय पाट मांडला जात नाही. खानावळीत यातले काही नाही. पैसे द्या, बसा, जेवा, उठा. ‘तुम्ही कोणाचे?’ हा मराठवाड्यातला पहिला प्रश्न तिथे विचारला जात नाही, निदान जेवण होईपर्यंत तरी. ही अनोळखीपणाची सोय आहे आणि ती घर देऊ शकत नाही.

मराठी साहित्यात खानावळ येते, पण बहुतेक वेळा अभाव म्हणून. घर सुटलेल्या मुलाची ती शिक्षा असते. पातळ वरण, जाड पोळी, डाळीतले खडे हा शहरी विनोदाचा ठरलेला ऐवज. ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकर मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात पुरता फसतो, कादंबरीच्या दृष्टीने तो प्रसंग महत्त्वाचा आहे, पण तिथेही मेस म्हणजे पैशाचा घोळ आणि भ्रमनिरास. खाण्यावरचे आपले ललित लेखन पाहावे तर पु. ल. देशपांड्यांच्या ‘माझे खाद्यजीवन’पासून पुढे एक समृद्ध परंपरा आहे, त्या परंपरेचा सूर मात्र चवीच्या आठवणीचा आहे, आणि आठवण शेवटी आईच्या, आजीच्या किंवा गावच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचते. पाककृतींची पुस्तके तर नावापासूनच घराची. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. मधल्या साठ वर्षांत लाखो मराठी माणसे घराबाहेर, अनोळखी हातचे जेवून जगली, याची नोंद त्या शेल्फवर नाही.

इथे आम्हाला जपानची आठवण होते. तिकडे गल्लीतल्या स्वस्त जेवणघराला ‘शोकुदो’ म्हणतात. तिथले ‘तेइशोकु’ म्हणजे आपल्या राइस प्लेटचा चुलतभाऊच : भात, मिसो घातलेले सार, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ, सगळे एका तबकात. यारो आबे यांची ‘शिन्या शोकुदो’ ही चित्रमालिका 2006 पासून प्रसिद्ध होऊ लागली, 2009 मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली आणि पुढे जगभर पाहिली गेली. तोक्योच्या शिंजुकू भागातल्या गल्लीत एक चिमुकले जेवणघर रात्री बारा वाजता उघडते आणि सकाळी सातला बंद होते. यादीत डुकराच्या मांसाच्या साराचे एकच जेवण, बाकी मद्य. पण सामान हाताशी असेल तर गिऱ्हाईक मागेल ते मालक करून देतो. गुंड, नाचणाऱ्या बाया, उशिरा सुटलेले कारकून त्याच अरुंद बाकांवर शेजारी शेजारी बसतात. दुसरे उदाहरण ‘कोदोकु नो गुरुमे’चे. मासायुकी कुसुमी यांचे लेखन, जिरो तानिगुची यांची चित्रे, काळ 1990 च्या दशकातला. 2012 पासून त्याची दूरचित्रवाणी मालिका झाली. कथानक म्हणावे तर एवढेच की एक फिरतीवरचा व्यापारी एकटाच कुठल्यातरी लहान जेवणघरात शिरतो, विचारपूर्वक ऑर्डर देतो आणि पोटभर जेवतो. दूरचित्रवाणीवर दिसणारी ती जेवणघरे प्रत्यक्षातली आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी खुद्द कुसुमी तिथे जाऊन जेवतात.

या मालिका थोर वाङ्मय आहेत असा आमचा दावा नाही. ‘शिन्या शोकुदो’ पुष्कळदा गोड गोड होते, आणि तिच्यातला तो कमी बोलणारा, सर्वांना समजून घेणारा मालक ही एक सोयीची कल्पना आहे. आमच्या परिचयातले खानावळवाले उधारीच्या बाबतीत इतके समजूतदार नाहीत. पण एका गोष्टीचे श्रेय द्यायलाच हवे. एकट्याने बाहेर जेवणे ही दयनीय अवस्था आहे हे गृहीतक या दोन्ही कृतींनी मोडले. मराठी कथेतला नायक एकटा खानावळीत जेवतो तेव्हा वाचकाने हळहळायचे असते. गोरो इनोगाशिरा एकटा जेवतो तेव्हा आपल्याला भूक लागते.

अर्थात खानावळ ही काही समतेची आयती शाळा नव्हती, आणि आमचा मुद्दा इथेच अडचणीचा होतो. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्या काळात परिषदेला जमलेल्या माणसांना वाटेत कोणत्या हॉटेलात बसून चहा मिळाला असता? वेगळी कपबशी, बाहेर ठेवलेली, ज्याची त्याने विसळून ठेवायची, ही या प्रदेशातल्या गावोगावची रीत होती. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. घटनेसारख्या दस्तऐवजात उपाहारगृहाला जागा द्यावी लागली, यावरूनच ते किती निर्णायक ठिकाण होते हे समजावे. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तिथे प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. कपबशी एक होण्यामागे कायदा होता, चळवळ होती, आणि एक तिसरी, कमी तेजस्वी गोष्टही होती : बसस्थानकाजवळच्या गर्दीत प्रत्येकाची जात विचारत बसणे धंद्याला परवडत नाही. शहर वाढले तशी खानावळ आंधळी झाली. हे आंधळेपण आम्ही गुण मानतो.

पूर्ण आंधळी मात्र ती आजही नाही. याच जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यजीवनाची इतकी थेट आणि तपशीलवार नोंद मराठीत आधी झाली नव्हती. 2024 मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग आपल्याकडच्या काही प्राध्यापकांना मूळ पुस्तक सापडले, हा भाग निराळा. त्या शीर्षकातला ‘अ’ आम्हाला फार मोलाचा वाटतो. कारण मूळ वचन अनेक खानावळींच्या भिंतीवर रंगवलेले असते आणि त्याच्याखाली बसून जेवताना ते पूर्ण आहे असे वाटत राहते. पाटोळ्यांचे पुस्तक वाचून पुन्हा त्या भिंतीखाली बसावे. यादीत मटण आहे, चिकन आहे, अंडाकरी आहे. रक्ती नाही, वाळवलेल्या मांसाच्या चान्या नाहीत. पुस्तक निघाले त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, म्हणजे त्यातले काही पदार्थ आता केवळ पुस्तकातच राहणार. खानावळीने सर्वांना आत घेतले, पण सर्वांचे अन्न आत घेतले नाही. ‘घरगुती’ असे पाटीवर लिहिलेले असते तेव्हा ते कोणाचे घर, हा प्रश्न इथे निघतो. तो मराठीच्या वर्गात विचारला गेला पाहिजे.

दुसरी उणीव बाकावरच दिसते. खानावळीच्या चुलीशी बाई असते, बाकावर पुरुष. मुंबईच्या गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवले. मराठी स्त्रीचळवळीच्या इतिहासात ही घटना आहे. मराठी कथेत तिचे पडसाद मात्र क्षीण आहेत. धाराशिवात कॉलेजसाठी किंवा विद्यापीठाच्या उपपरिसरात शिकण्यासाठी खेड्यांतून आलेल्या मुली आहेत. त्या जेवतात कुठे? बहुतेक जणींचा डबा खोलीवर येतो. आमच्या एका विद्यार्थिनीला आम्ही सहज विचारले की मेसमध्ये बसून का जेवत नाही, गरम मिळेल. ती म्हणाली, “सर, बसता येतंय की. पण समदे बघतेत.” या दोन वाक्यांत जे आहे ते आमच्या कुठल्या निबंधात आलेले नाही. विद्यार्थी-जीवनाच्या मराठी कादंबऱ्या इतक्या पुरुषांच्या का, याची कारणे आपण संवेदनशीलतेत आणि शैलीत शोधतो. थोडी मेसच्या बाकावरही शोधावीत. ज्याला तासभर निरर्थक बसता येते, समोरच्याचे बोलणे ऐकता येते, उठून जाताना कोणाला हिशेब द्यावा लागत नाही, त्याच्याकडे कादंबरीचा कच्चा माल आपोआप साठतो. डबा उघडून खोलीत एकटीने जेवणारीकडे दुसरे काही साठत असेल. ते अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

स्वस्त जेवणाचे राजकीय मोल सरकारांना साहित्यिकांच्या आधी कळले. 1995 मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. त्या केंद्रांचे पुढे काय झाले, किती जागांवर काय उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. 26 जानेवारी 2020 रोजी ‘शिवभोजन’ सुरू झाले : दहा रुपयांत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. त्याच महिन्यात, 10 ते 12 जानेवारीला, उस्मानाबादेत 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. संमेलनातल्या जेवणाची चर्चा अर्थातच झाली, ती दरवर्षी होते. दोन चपात्यांच्या वजनाची चर्चा साहित्यात व्हावी असे आम्ही म्हणत नाही. पण ग्रॅममध्ये मोजलेली थाळी आणि “नको” म्हटल्यावरही पडणारी अर्धी भाकरी यांत जो फरक आहे, तो सांगायला कादंबरीकारच लागतो, पुरवठा खाते नाही.

दरम्यान महामार्ग रुंद झाले आहेत. सोलापूरहून तुळजापूर-धाराशिवकडे येणाऱ्या रस्त्यावर आणि तिकडे नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर ढाबे आणि हिरवळ लावलेली ‘गार्डन’ हॉटेले आली. तिथे चुलीवरची भाकरी हे आकर्षण आहे, बाजूला बैलगाडीचे चाक उभे केलेले असते, आणि कुटुंबासाठी पडदा लावलेले कप्पे असतात. पडदा ओढला की पुन्हा घर. गावातल्या खानावळींत मात्र अजून लांब बाकच आहेत. महिन्याचा मेंबर असेल तर त्याच्या नावाचे पान जाड वहीत असते, खाडे मांडलेले, गावाला गेलेले दिवस वजा केलेले. आम्ही अशी एक वही उलटून पाहिली. नावे बहुतेक पहिलीच होती, पुढे कंसात गाव : तेर, येडशी, ढोकी, बेंबळी. आडनावाचा रकाना मालकाने आखलेलाच नव्हता. का, म्हणून विचारले तर तो म्हणाला, “गाव कळलं की बास. पैसे बुडवले तर जायचं कुठं, तेवढं कळतंय.”