लग्न एक, ड्राइव्ह चार

आमच्या लग्नाची २००५ सालची डीव्हीडी परवा अडखळू लागली. भाचा म्हणाला, "मामा, हिची इमेज करून ठेवा." इमेज म्हणजे अख्खी तबकडी कॉम्प्युटरमध्ये एकाच फाईलीत, आयएसओमध्ये. ती उघडली की कॉम्प्युटरला वाटतं, खरीच तबकडी घातली!

मी हौसेनं विकतचं सॉफ्टवेअर आणलं. त्यानं चार खोटे ड्राइव्ह बहाल केले. अहो, लग्न एकदाच झालंय, चार ड्राइव्ह घेऊन करू काय? बरं, आयएसओ नुसती उघडायला २०१२ च्या विंडोज ८ पासून डबल-क्लिक पुरतं. म्हणजे मी हवा विकत घेतली!

खरी अडचण इमेज बनवण्याची. डीव्हीडीवरून ती बनवायची सोय विंडोज देत नाही. तिथं इमगबर्न धावून आलं. २०१३ नंतर नवी आवृत्ती नाही, रूप सरकारी फॉर्मासारखं. पण फुकट, आणि न वाचता येणाऱ्या जागी चिकाटीनं पुन्हापुन्हा डोकं आपटणारं.

तेव्हा उघडणाऱ्या सॉफ्टवेअरांच्या तुलना पुरे. तबकडी धड आहे तोवर इमेज करा. आमची मंगलाष्टकं वाचली. पंगतीत वडील जिलबीचा आग्रह करत होते, तेवढा भाग मात्र गेला. तो आता विकतही मिळत नाही.