खापर आईच्याच माथी

एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी परवा प्रश्नच निकालात काढला. आई दारू पिणारी असेल किंवा मनाने आजारी असेल, तर मूल हातचे गेले म्हणून समजा. त्याला तिच्यापासून तोडा नि वसतिगृहात घाला. टाळ्या पडल्या. पिढी वाचवण्याचा उपाय इतक्या स्वस्तात मिळाल्यावर पडणारच.

गरोदरपणातली दारू गर्भाच्या मेंदूला इजा करते, आईचे नैराश्य लांबले की मुलांत चिंता आणि उदासी वाढते, हे कोणी नाकारत नाही. पण या कहाणीत बाप कुठे आहे? वक्त्यांनी त्याला बहुधा दौऱ्यावर पाठवले असावे. नवरा पितो ते 'टेन्शन', बायको पिते तो कुळाला बट्टा! २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते. मारहाणीची नि उपासमारीची झळ मनाला किती लागणार, हे मुलगा झाला की मुलगी यावरही ठरत होते. म्हणजे बाई आजारी पडते ती घरात, घरच्यांच्या वागण्याने, आणि आरोपी एकटी तीच. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेकशेगडी होते, "तुला सारखं रडू येतं का गं?" एवढे मात्र कोणी विचारत नाही. विचारलेच तर सासूबाईंचे उत्तर तयार: "आम्ही नाही का काढली लेकरं!" मग ती लपवते. बाटली लपवते, रडणे लपवते. मूल काढून घेतील या धास्तीने दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि भोगते मूलच.

आईलाच दोषी धरण्याची ही खोड जुनी आहे. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत स्वमग्न मुलांच्या आयांना 'थंड' ठरवून वर्षानुवर्षे छळले गेले. तो सिद्धांत पुढे कचऱ्यात गेला. त्या आयांची माफी मागायला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

वसतिगृहाबद्दल एवढेच: मनोरुग्णालयात दाखल झालेल्या आईचे तीन वर्षांखालील मूल एरवी तिच्यापासून वेगळे करू नये, असे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाच सांगतो. मुलाला धोका असेल तर अपवाद आहे. वक्त्यांनी अपवादाचाच नियम केला.

मग करायचे काय? आईला बरे करायचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ज्या घरांत आईचे नैराश्य तीन महिन्यांत ओसरले, त्या घरांतल्या मुलांमधले मानसिक विकारांचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले. जिथे ओसरले नाही तिथे सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. मुलांवर वेगळा उपचार त्यात नव्हता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या खास कक्षात आई आणि बाळ एकत्र राहून उपचार घेतात. असे कक्ष आपल्या जिल्हा रुग्णालयांत का नसावेत? लसीकरणाच्या दिवशी बाळाचे वजन घेताना आईला झोपेबद्दल, रडण्याबद्दल आणि पिण्याबद्दलही विचारावे, न हिणवता. आणि घरात अशी आई असेल तर निवाडा करत बसण्याआधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. तिथे मराठीत बोलता येते.