पथ्याचे ताट आणि शिध्याची पिशवी

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाच्या रुग्णाला गोळ्यांची चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठीसोबत एक उपदेशही मिळतो : भात-पोळी निम्म्यावर आणा, डाळी, उसळी, पालेभाज्या, ताक, अंडी वाढवा. उपदेश शास्त्राला धरून आहे. परंतु तोच रुग्ण दुसऱ्या दिवशी रास्त भावाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या पिशवीत फक्त गहू आणि तांदूळ पडतात. राज्यसंस्थेचा एक हात जे खाऊ नको म्हणतो, तेच दुसरा हात देतो. आणि जे खा म्हणतो, ते बाजाराच्या भरवशावर सोडून देतो. मधुमेहाच्या पथ्याचा प्रश्न हा रुग्णाच्या मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी प्रथम या विसंगतीचे उत्तर दिले पाहिजे.

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग, हा समज आता टाकून द्यावा लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढे श्रीमंत या देशात नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासाने तर दाखवून दिले की कष्टकरी, अर्धपोटी मातेच्या पोटी जन्मणारे बालक वजनाने हलके असूनही त्याच्या अंगात मांसाच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक असते. अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे कालची उपासमार आणि आजचा मधुमेह हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत. एकाच विषमतेची ती दोन रूपे आहेत.

पिष्टमय पदार्थ कमी करण्याचा उपाय कसा चालतो, हे समजण्यास कठीण नाही. भात, पोळी, पाव, बटाटा यांतील पिष्टाची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिनला शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही, आणि स्वादुपिंडही हळूहळू थकत जाते. अशा वेळी साखरेचा ओघच कमी केला, तर रक्तशर्करा उतरते. पुष्कळांच्या गोळ्याही कमी होतात. मात्र २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या, २३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासाने एक अडचणीची गोष्ट नोंदवली : सहा महिन्यांपर्यंत दिसलेला ठळक लाभ वर्ष उलटेपर्यंत बराच ओसरतो. पथ्य सुरू करणे सोपे. ते निभावणे अवघड. बदाम, पनीर आणि परदेशी फळांचे तेल यांवर उभारलेले पथ्य सधन घरातही वर्षभर टिकत नसेल, तर रोजंदारीवर जगणाऱ्याच्या घरी ते आठवडाभर तरी कसे टिकावे?

येथे चळवळीतील एका आवडत्या समजुतीचीही झाडाझडती घेणे आवश्यक आहे. गहू-तांदूळ सोडून पुन्हा ज्वारी-बाजरीकडे वळा म्हणजे मधुमेह पळेल, असे सभांतून सांगितले जाते. २०२३ हे तृणधान्य वर्ष साजरे झाले तेव्हा सरकारी फलकांचाही सूर असाच होता. ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा निःसंशय चांगली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीनेही तिचे अगत्य मोठे आहे. परंतु ज्वारीतही दोन-तृतीयांशांच्या आसपास भाग पिष्टाचाच असतो. वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच आहारविषयक पाहणीने २०२५ साली दाखवले की भारतीय माणसाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून व साखरेतून येते. आणि हे प्रमाण न घटवता नुसते एका धान्याच्या जागी दुसरे धान्य घातल्याने मधुमेहाचा धोका कमी होत नाही. तो कमी होताना दिसतो, तो धान्याचा काही वाटा डाळी-कडधान्यांनी आणि दुधाच्या पदार्थांनी घेतल्यावर. तीन भाकऱ्या आणि चमचाभर कालवण या ताटाच्या जागी एक भाकरी, वाटीभर घट्ट आमटी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, अंबाडीची वा मेथीची भाजी, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी आणि ताक असे ताट आले, तर ते पथ्यही होईल आणि महाराष्ट्राच्या मातीतलेही असेल. किनारपट्टीवर त्यात सुकट-बोंबील येतील. टिकाऊ पथ्य म्हणतात ते हेच.

हे ताट महाग आहे, ही त्यातली मेख. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकी पाच किलो धान्य मोफत झाले. हा हक्क लढ्यांनी मिळवलेला आहे. त्याची टिंगल करणाऱ्यांशी समाजवाद्यांचे काही नाते असू शकत नाही. परंतु पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य. दिवसाच्या गरजेचा जो उरलेला मोठा भाग बाजारातून भरायचा, तो हातात पैसा कमी असल्यामुळे पुन्हा धान्य, बटाटा, वडा-पाव आणि साखरेच्या चहानेच भरला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले की निरोगी माणसानेही धान्यातून ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा घेऊ नये. सरकारच्याच संस्थेचा हा सल्ला सरकारच्याच दुकानात पोहोचलेला नाही. उलट २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात एक किलो हरभरा डाळीसोबत एक किलो रवा आणि एक किलो साखर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेण्यात आला. ज्या बालकांच्या देहाबद्दल डॉ. याज्ञिकांचे संशोधन बोलते, त्यांच्याच ताटातून हे अंडे गेले.

डाळ स्वस्त दुकानातून देणे परवडणार नाही, हा आक्षेप ठरलेला असतो. तामिळनाडूने २००७ पासून शिधापत्रिकेवर तूरडाळ ३० रुपये किलोने दिली. जे तेथे जमले ते लातूरच्या डाळमिलांच्या आणि विदर्भ-मराठवाड्याच्या तुरीच्या राज्यात का जमू नये? तूर-हरभऱ्याची हमीभावाने भरवशाची खरेदी झाली, तर कोरडवाहू शेतकरी आणि शहरातील रुग्ण यांचे हित एकाच व्यवहारात साधते. आज होते ते असे की भाव चढले की आयात खुली होते आणि भाव पडले की शेतकरी एकटा पडतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जेथे भुकेने पोट खपाटीला गेले आहे, तेथे धान्य कमी करा असे सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? ती थट्टाच ठरेल, जर या निमित्ताने धान्याचा हक्क कोणी कापू लागला. म्हणून मागणी धान्य घटवण्याची नाही. धान्याच्या जोडीला डाळ आणि तेल देण्याची आहे.

या प्रश्नाची आणखी एक बाजू चुलीपाशी आहे. घरातील पुरुषाला मधुमेह झाला की त्याचे वेगळे पथ्य बाईने रांधायचे आणि उरलेल्या भातावर स्वतःची भूक भागवायची, ही रीत सर्वत्र आढळते. तिला स्वतःला मधुमेह असला, तर तिचे पथ्य कोणी रांधत नाही. एका माणसापुरते वेगळे ताट म्हणूनच टिकत नाही. ताट बदलायचे ते साऱ्या घराचे.

कार्यकर्त्यांनी हा विषय वस्त्यांत नेताना एक सावधगिरी कटाक्षाने बाळगावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने एकाएकी भात-भाकरी तोडली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. गर्भवती आणि मूत्रपिंड दुखावलेले रुग्ण यांची गोष्ट आणखी वेगळी. औषध कोणी परस्पर बंद करू नये. आहार बदलताना मात्रा डॉक्टरनेच बदलली पाहिजे. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची पट्टी, डॉक्टर आणि औषध ही तिन्ही हजर असली पाहिजेत. हीसुद्धा मागणीच आहे.

१९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा प्रश्न चूल पेटण्याचा होता. आज चूल पेटते. तिच्यावर काय शिजते हा प्रश्न आहे. शिधापत्रिकेवर माणशी किलोभर डाळ, शाळेत अंडे, कारखान्याच्या आणि एस.टी.च्या उपाहारगृहात वडा-पावाच्याच दरात उसळ, आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात मोफत रक्ततपासणी : या चार मागण्या घेऊन तालुक्या-तालुक्यांत तहसील कचेरीवर जाण्यास आज कोणाच्या परवानगीची गरज नाही. पथ्य सांगणाऱ्या सरकारने पथ्याचा शिधाही दिला पाहिजे.