मोटारहोम ठरवण्याआधी तिचा वर्ग समजून घ्या

अमेरिकेत लेकीकडे, मुलाकडे गेलात की कधीतरी बेत ठरतो, मोटारहोम भाड्याने घेऊन सगळ्यांनी फिरायला जायचं. बेत छानच आहे. पण पैसे भरण्याआधी थोडं समजून घ्या.

तिथे मोटारहोमचे तीन वर्ग आहेत: ए, बी आणि सी. ए म्हणजे उत्तम आणि सी म्हणजे कमी प्रतीची, असं मुळीच नाही. गाडी कशावर बांधली आहे, यावरून वर्ग ठरतो. आकाराने सहसा बी सगळ्यांत लहान, सी मधली आणि ए मोठी.

बी वर्गाची गाडी म्हणजे मुळात व्हॅन. मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट अशा व्हॅनच्या आतच पलंग आणि शेगडी बसवतात. लांबी साधारण 17 ते 24 फूट. चालवायला सोपी, पण दोघांपेक्षा जास्त माणसांची दाटी होते.

सी वर्गात चालकाची केबिन व्हॅनची किंवा ट्रकची असते. मागचं घर वेगळं बांधून जोडलेलं असतं. केबिनच्या वर बहुधा एक पलंग असतो. तिथे शिडीने चढावं लागतं, म्हणून तो आजी-आजोबांना देऊ नका. मुलांनाही गाडी चालू असताना तिथे झोपू देऊ नका. तिथे सीटबेल्ट नसतो.

ए वर्गाची गाडी नुसत्या चासीवर, चालकाच्या जागेसकट, पूर्ण नव्याने बांधतात. ती बसएवढी दिसते. आत ऐसपैस, पण वळवायला आणि उभी करायला अवघड. कॅलिफोर्नियात 40 फुटांहून लांब मोटारहोम चालवायला वेगळा परवाना लागतो.

आता एवढं करा.

आधी सीटबेल्ट मोजा. जाहिरातीत सहा जणांच्या झोपण्याची सोय लिहिलेली असते. बसायला सहा पट्टे असतीलच असं नाही. माणशी एक पट्टा हवाच.

मग रस्ता ठरवा, गाडी त्यानंतर. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या 'गोइंग टु द सन' रस्त्याच्या घाटात 21 फुटांहून लांब किंवा आरशांसकट 8 फुटांहून रुंद गाडीला बंदी आहे. म्हणजे ए वर्ग तर नाहीच, सी वर्गातल्या बहुतेक गाड्याही नाहीत. लांबी बंपरसकट मोजतात.

गाडीची उंची विचारा, छतावरच्या एसीसकट. ती कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवा. जुने पूल आणि पेट्रोल पंपाचं छत इथे घात होतो.

दाराजवळची वजनाची पट्टी वाचा. माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. टाकीतलं पाणीही त्यात धरा. 40 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 150 किलो. ओझं जास्त झालं की टायर फुटण्याचा धोका वाढतो.

शेवटी, प्रवासाआधी मोकळ्या जागेत गाडी वळवून आणि मागे घेऊन पाहा. मागे घेताना एकाने खाली उतरून सांगत राहावं.

दोघेच असाल तर बी घ्या. मुलाबाळांसह चार-पाच जण असाल तर सी घ्या. ए वर्गाची गाडी हात बसल्यावर घ्या, पहिल्या खेपेला नको.