मतदान प्रतिनिधी आणि फॉर्म १७-सी

धारवाड लोकसभा मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी मतदान झाले आणि मोजणी झाली ४ जूनला. मधले चार आठवडे यंत्रे कडीकुलपात होती. किती मते पडली याचा उमेदवाराच्या हातचा पुरावा म्हणजे ‘फॉर्म १७-सी’ची प्रत. ही प्रत मिळते ती मतदान प्रतिनिधीला.

आपण त्याला ‘पक्षाचा एजंट’ म्हणतो. कायद्याने मात्र तो उमेदवाराचा प्रतिनिधी. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ४६ नुसार त्याची नेमणूक होते. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी आणि आळीपाळीने बसायला दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात. फॉर्म १० वरचे नेमणूकपत्र केंद्राध्यक्षांना द्यावे लागते.

त्याचे काम तीन टप्प्यांचे. मतदानाआधी किमान ५० मतांची चाचणी होते, ती पाहणे आणि सीलचे क्रमांक टिपून घेणे. दिवसभरात एखादा मतदार तोतया वाटला, तर २ रुपये भरून हरकत घेणे. ती खोडसाळ ठरली तर पैसे जप्त होतात. आणि शेवटी, नियम ४९-एस प्रमाणे, नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची केंद्राध्यक्षांच्या सहीची प्रत घेणे.

तिसरा टप्पा सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच सुटू शकतो. नियमातले शब्द स्पष्ट आहेत: मतदान संपताना हजर असलेल्या प्रतिनिधीलाच प्रत द्यायची. पाच वाजता घरी गेलेल्याच्या हाती काहीच उरत नाही. तो नव्हता म्हणून मतदान रद्दही होत नाही; कलम ५१ तसे सांगते.

ही आकडेवारी सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली होती. निवडणूक सुरू असल्याने २४ मे २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. प्रत प्रतिनिधींना मिळतेच, असे आयोगाचे म्हणणे होते. म्हणजे सारी भिस्त पुन्हा त्या बाकावरच्या माणसावर.

बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. इथेही हिशेब तसाच आहे. प्रतीवरचा एकूण आकडा मोजणीच्या टेबलावरच्या आकड्याशी जुळला, तर हरलेल्यालाही शंकेला जागा राहत नाही. न जुळल्यास तक्रारीला कागदाचा आधार असतो.

आपल्या मंडळातल्या कोणाला उद्या महापालिकेच्या किंवा विधानसभेच्या वेळी, कोणत्याही पक्षाकडून, असे बोलावणे आले तर जरूर जावे. मात्र शेवटचा मतदार बाहेर पडून यंत्र सील होईपर्यंत बसण्याची तयारी ठेवूनच होकार द्यावा.