जयंतीची वर्गणी : हिशोब मागणार कोण?

१४ एप्रिल जवळ आला की गावोगावच्या भीमनगरात वर्गणीचे पावतीपुस्तक फिरू लागते. समजा, साठ घरांची वस्ती आहे आणि घरटी पाचशे रुपये ठरले, तर तीस हजार झाले. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं मोबाईलवरून पाठवतात ते वेगळेच. खुरपणीला जाणारी बाईसुद्धा कनवटीचे पैसे काढून देते, कारण बाबासाहेबांच्या नावाला ती कधी नाही म्हणत नाही. हा पैसा कुठल्या आमदाराचा नाही की शेटजीचा नाही. तो आपल्या घामाचा आहे.

मग १५ एप्रिलला त्यातले काय उरते? बहुतेक ठिकाणी डीजेवाल्याची उधारी!

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, "गणपतीत डीजे वाजतो तेव्हा कुणी बोलत नाही, आमच्याच जयंतीत का खुपतो?" प्रश्न रास्त आहे. ज्या गावाने आपल्या मिरवणुकीला मुख्य रस्ता नाकारला, त्या गावाला आपला हिशोब विचारण्याचा अधिकार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या बोंढार हवेलीत २०२३ साली आपल्या एका तरुणाचा खून झाला आणि तो जयंती काढल्याच्या रागातून झाल्याची तक्रार नोंदवली गेली. जयंतीची किंमत आपण अशी मोजतो. म्हणून मिरवणूक निघालीच पाहिजे आणि मुख्य रस्त्यानेच निघाली पाहिजे.

पण त्या खुरपणीवाल्या बाईचे काय? तिने आपली मजुरी दिली आहे. तिला हिशोब कोण देतो? जयंती कमिटीत ती आहे का? तिच्या मुलीची परीक्षा फी भरायची वेळ येते तेव्हा हेच मंडळ कुठे असते?

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालू केले. सभेच्या अगदी सुरुवातीच्या कामांत त्यांनी मुलांच्या राहण्या-शिकण्याच्या सोयीला स्थान दिले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाला उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचे आवाहन केले. म्हणजे दान ही गरिबावर केलेली दया नाही, ती प्रत्येकाची जबाबदारी आहे. जबाबदारीने दिलेला पैसा जबाबदारीनेच खर्च झाला पाहिजे.

म्हणून यंदा पावती फाडण्याआधी वस्तीची बैठक घ्या आणि तीन गोष्टी ठरवा. पहिली, निम्मी वर्गणी जयंतीला आणि निम्मी शिक्षणाला. त्यातून विहारात अभ्यासिका चालवा, स्पर्धा परीक्षेची पुस्तके घ्या, गरजू मुलामुलींची फी भरा. दुसरी, कमिटीत निम्म्या महिला हव्यात आणि पैसे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे हवे. तिसरी, बुद्धपौर्णिमेच्या आत जमा-खर्च विहाराच्या फळ्यावर लिहा. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी आणि हिशोब कायद्यानेही लागतोच. पण त्याआधी तो वस्तीला मिळाला पाहिजे.

डीजे लहान झाला म्हणून बाबासाहेब लहान होणार नाहीत. विहारातला दिवा रात्री अकरा वाजताही एखाद्या पोरीच्या पुस्तकावर जळत राहिला, तर ती जयंती वर्षभर चालेल.

जयभीम!