हातभर काठी आणि हाताची बोटे

माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा आटोपली की आमच्या सालेकसा-दरेकसा भागाला लग्नसराईचे वेध लागतात. आंदणाचे पलंग, आलमाऱ्या, नव्या घरांच्या चौकटी अशी कामे सुतारांच्या दुकानांत साचतात. पूर्वी ही कामे हातकरवतीने होत. आता टेबलातून वर डोकावणाऱ्या गोल पात्याच्या कटर मशीनवर होतात. काम झपाट्याने उरकते, पण दवाखान्यात येणाऱ्या जखमाही बदलल्या. हातकरवतीने कातडी फाटायची, मशीनने बोट जाते.

असा रुग्ण आला की कसे झाले म्हणून मी विचारतो. उत्तर बहुधा एकच असते. ''शेवटचा तुकडा होता जी, हात कधी गेला समजलंच नाही.'' यात बहाणा काही नाही. 12 इंची पाते मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर त्याचा दात ताशी 170 किलोमीटरच्या वेगाने धावतो. चटका बसला की हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात पात्याचे दहा फेरे झालेले असतात. दुसरे असे की, लाकडात गाठ असली किंवा चीर मिटून पाते आवळले गेले, तर पात्याच्या मागच्या बाजूचे वर उठणारे दात लाकूड उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. लाकूड निसटते आणि त्यावर जोर देणारा हात आधार गेल्यामुळे थेट पात्यावर जातो. वीस वर्षांचा अनुभव इथे कामाचा नाही.

यावर उपाय फुकटचा आहे. हातभर, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर लांबीची काठी घ्यावी, टोकाला लाकडाची कड बसेल अशी खाच पाडावी, मूठ गुळगुळीत करावी. शेवटचा फूटभर भाग हाताने नव्हे, या काठीने ढकलावा. फूटभराहून आखूड तुकडा असेल तर सुरुवातीपासूनच काठी वापरावी. पाते लागलेच तर काठी कापली जाईल. दुसरी करायला पाच मिनिटे पुरतात. इंग्लंडमध्ये 1922 सालीच गोल पात्याच्या मशीनजवळ अशी काठी ठेवण्याचा नियम झाला. आपल्याकडे मात्र कारखान्यांचे नियम दोघा-तिघांच्या दुकानापर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

काठी वापरणाऱ्या पोऱ्याला ''घाबरतोस का बे?'' म्हणून हसणारे उस्ताद मी पाहिले आहेत. माझ्या मते दोष पोऱ्याचा नाही. मशीन ज्याच्या मालकीची, त्याने काठी मशीनलाच खिळ्यावर टांगावी, आणि ती न घेणाऱ्याला मशीनपुढून उठवावे. पात्यावरचे झाकण अडचण होते म्हणून काढून फेकणे हाही मालकाचाच गुन्हा. गळ्यातला गमछा आणि हातमोजेही मशीनवर नकोत. मोज्याचा धागा दातात अडकला की तो बोटासकट हात ओढतो. (गिऱ्हाईकानेही 'आजच संध्याकाळी पाहिजे' असा तगादा लावू नये. घाईत बोट जाते ते सुताराचे.)

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरले होते, तर तर्जनी गेल्यास 14 टक्के. आमच्याकडचा सुतार पावसाळ्यात धानाच्या बांधीतही उतरतो. अंगठा नसेल तर पटाशी धरता येत नाही, रोवणीचे रोप चिमटीत येत नाही, विळाही नीट पेलवत नाही. कागदावरचे 30 टक्के त्याच्या घरात बरेच जास्त असतात.

एवढे करूनही अपघात झालाच तर जखमेवर हळद, चहापत्ती, चुना काहीही घालू नका. स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. सुतळीने बोट आवळू नका. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. बोट कातडीला लोंबत असेल तर तोडू नका. पूर्ण तुटलेले बोट स्वच्छ, किंचित ओल्या कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात ठेवले तर ते गोठून निकामी होते. असे थंड ठेवलेले बोट कित्येक तास टिकते. मशीनने चेचलेले बोट दर वेळी जोडता येतेच असे नाही, पण तो निर्णय शल्यचिकित्सकाला घेऊ द्या. नागपूर इथून दीडशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणून निघण्याआधीच तिथल्या रुग्णालयात फोन करून बोट जोडण्याची सोय आहे का ते विचारा. धनुर्वाताचे इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात घेता येते. वाटेत रुग्णाला चहापाणी देऊ नका, कारण पोहोचताच भूल द्यावी लागण्याचा संभव असतो.